रँडल जॅरेल: आधी कवी की आधी समीक्षक?

कोरा कागद

नमस्कार. गेली तीन-चार वर्षे मी अमेरिकी कविता सवडीने, पण नेमाने वाचतो आहे. रॉबर्ट लोवेल, एलिझाबेथ बिशप, रॉबर्ट फ्रॉस्ट, विल्यम कार्लोस विल्यम्स यांपैकी कोणाविषयीही काही वाचायला घेतले की रँडल जॅरेल हे नाव हटकून समोर येते. 'जॅरेल यांनी दाखवून दिले', 'जॅरेल यांचा लेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये' अशी वाक्ये इतक्यांदा भेटली की अखेर त्यांचा 'पोएट्री अँड द एज' हा १९५३चा लेखसंग्रह मिळवून वाचला आणि अक्षरशः दोन रात्रींत संपवला. समीक्षा वाचताना मोठ्याने हसण्याची माझी ही पहिलीच वेळ.

त्यानंतर मोठ्या अपेक्षेने त्यांच्या कविता हाती घेतल्या आणि तेथे गाडी अडली. गद्यात इतका चपळ, मिस्कील आणि नेमका असलेला हा लेखक कवितेत मला पुष्कळदा सैल, पाल्हाळिक आणि, स्पष्टच लिहायचे तर, रडवेला वाटला. समीक्षक हेलन व्हेंडलर यांनी त्यांच्याविषयी असे म्हटले आहे की त्यांनी आपली खरी प्रतिभा समीक्षेत ओतली आणि कवितेच्या वाट्याला नुसती गुणवत्ता आली. ते वाचून मला हायसे वाटले, पण आपल्याला नेमके हवे होते तेच कोणीतरी म्हटले की मनात शंकाही येते. हा निवाडा न्याय्य आहे का? त्यांचे आयुष्य आणि कामाचा क्रम नीट ठाऊक असला तर कविता अधिक उलगडतील का? पुन्हा वाचायला सुरुवात करायची तर ती कोठून करावी?

दीपमाळ

आधी एक बारीकशी दुरुस्ती. अमेरिकेत या आडनावाचा उच्चार 'जरेल' असा, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन करतात, म्हणून मी तसेच लिहितो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहायचे तर, हो, क्रम ठाऊक असला तर बरेच उलगडते. त्यांचा जन्म ६ मे १९१४ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. आई-वडील विभक्त झाले आणि बालपण टेनेसी व कॅलिफोर्निया यांच्यात विभागले गेले. १९२६-२७ च्या सुमारास काही महिने ते हॉलिवूडमध्ये वडिलांच्या आई-वडिलांकडे राहिले. घरात आजी, आजोबा आणि पणजीही होती. मुलाला तेथेच राहायचे होते, पण त्याला परत नॅशव्हिलला पाठवण्यात आले. एवढ्याशा घटनेचे ओझे त्यांच्या कवितेने जवळजवळ चाळीस वर्षे वागवले. त्या दिवसांत मुलाने पाठवलेली पत्रे आईने जपून ठेवली होती आणि ती पुष्कळ वर्षांनी त्यांच्या हाती आली, तेव्हा 'द लॉस्ट वर्ल्ड' ही दीर्घ कविता लिहिली गेली. चित्रपटाच्या आवारात कुंपणावरून डोकावणारा कागदी लगद्याचा डायनोसॉर आणि परसात कोंबडीची मान पिरगाळणारी आजी ही दोन्ही दृश्ये एकाच मुलाच्या एकाच नजरेतून त्या कवितेत येतात. ती रचली आहे दांतेच्या 'तेर्झा रिमा' या तीन-तीन ओळींच्या यमकबंधात, आणि तरीही ती ऐकताना मूल बोलते आहे असेच वाटते. तुम्ही ज्याला सैलपणा म्हणता त्याच्या आत अनेकदा असा बांधीव सांगाडा असतो.

मामांचा नॅशव्हिलमध्ये चॉकलेट-गोळ्यांचा व्यवसाय होता आणि भाच्याने त्यातच शिरावे अशी अपेक्षा होती. भाचा व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. तेथे जॉन क्रो रॅन्सम आणि रॉबर्ट पेन वॉरन हे शिक्षक लाभले, कवी अॅलन टेट यांच्याशी परिचय झाला, आणि टेट यांनीच त्यांच्या कविता प्रथम छापात आणल्या. १९३५ मध्ये पदवी मिळाली. १९३७ मध्ये रॅन्सम ओहायो राज्यातील केन्यन कॉलेजात गेले, तेव्हा जरेलही त्यांच्यामागोमाग गेले. तेथे ते इंग्रजी शिकवत आणि मुलांना टेनिसही शिकवत. रॉबर्ट लोवेल आणि कथाकार पीटर टेलर यांच्याशी जन्मभराची मैत्री याच काळात जुळली. मला या काळातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते ती अशी की, ज्यांच्या पुस्तकाच्या नावावरून 'नव-समीक्षा' (कवीचे चरित्र बाजूला ठेवून केवळ संहिता वाचणारा समीक्षापंथ) हे नाव रूढ झाले त्या रॅन्सम यांच्या इतक्या निकट राहूनही जरेल त्या पंथाचे झाले नाहीत. संहिता बारकाईने वाचण्याची सवय त्यांनी उचलली, पण सिद्धान्त उचलला नाही.

१९३९ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात शिकवू लागले आणि १९४० मध्ये विवाह झाला. १९४२ साली 'ब्लड फॉर अ स्ट्रेंजर' हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते लष्कराच्या हवाई दलात दाखल झाले. वैमानिक होण्याचा प्रयत्न फसला. पुढे अॅरिझोनातील टूसॉनजवळच्या तळावर ताऱ्यांच्या आधारे दिशा ठरवण्याचे शिक्षण विमानांच्या चमूंना देण्याचे काम त्यांच्याकडे आले. म्हणजे युद्धाच्या ज्या कवितांनी त्यांचे नाव झाले, त्या लिहिणारा माणूस प्रत्यक्ष आघाडीवर कधी गेलाच नव्हता. तो बंदिस्त मनोऱ्यात बसून, दुसऱ्या दिवशी खऱ्या आकाशात जाणाऱ्या पोरांना खोटे तारे दाखवत होता.

युद्धानंतरचे आवरते घेतो. 'द नेशन' या साप्ताहिकाचे साहित्य-संपादन, सारा लॉरेन्स कॉलेजात एक वर्ष अध्यापन आणि १९४७ पासून अखेरपर्यंत नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील महिला महाविद्यालय. मधली काही वर्षे रजेवर गेली, त्यांपैकी १९५६ ते १९५८ या काळात ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काव्य-सल्लागार होते. १९५२ मध्ये दुसरा विवाह झाला. 'द वुमन अॅट द वॉशिंग्टन झू' या १९६०च्या संग्रहाला पुढल्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. मॉरिस सेंडॅक यांच्या चित्रांसह निघालेली मुलांची पुस्तके अगदी शेवटच्या वर्षांतली आहेत.

समासातली टीप

व्हेंडलर यांचे ते वाक्य मीही अनेकदा उद्धृत केले आहे आणि आता त्याचा मला थोडा पश्चात्ताप होतो. ते चटकदार आहे यात शंका नाही, पण त्याने एकाच माणसाचे दोन तुकडे होतात.

जरेल यांची समीक्षा वाचताना ती प्रत्यक्षात काय करते याकडे लक्ष द्यावे. वॉल्ट व्हिटमनवरील त्यांच्या लेखात मोठा भाग नुसत्या अवतरणांचा आहे. व्हिटमन म्हणजे गबाळा, घोषणाबाज कवी असा समज सुशिक्षित वाचकांत पसरला होता. तेव्हा जरेल त्याच्या ओळी एकामागून एक समोर मांडतात आणि मधूनच, 'आता बोला' अशा अर्थाचे काहीतरी म्हणून पुढे सरकतात. फ्रॉस्टविषयीही तेच. १९४७ च्या 'द अदर फ्रॉस्ट' या लेखात त्यांनी म्हटले की, शाळकरी पुस्तकांतला गोड, शहाणा, खेडवळ फ्रॉस्ट बाजूला ठेवा आणि 'डिझाइन', 'होम बेरिअल', 'नायदर आउट फार नॉर इन डीप' वाचा. आज जो काळोखा, निर्दय फ्रॉस्ट सर्वांच्या परिचयाचा आहे, तो सर्वांना दिसू लागला त्यात जरेल यांचा वाटा मोठा आहे. पुढे 'होम बेरिअल' या एकाच कवितेवर त्यांनी प्रदीर्घ लेख लिहिला. नवरा-बायको जिन्यावर कोठे उभे आहेत, कोण वर चढते, कोण खाली येते, यावरून त्यांचे मोडत चाललेले लग्न तो लेख वाचून दाखवतो. समीक्षकाने नाटकाच्या तालमीला बसावे तसे ते वाचन आहे.

आणि त्यांची कठोरपणाची ख्याती खोटी नव्हती. सुमार कवींच्या पुस्तकांविषयी ते लिहितात की, जणू लेखकांनी आपले तोडलेले हातपाय पाठवून दिले आहेत आणि त्यांवर लिपस्टिकने 'ही कविता आहे' असे खरडले आहे. त्या वाक्यावर आपण हसतो. ज्याच्या पुस्तकाविषयी असे लिहिले गेले असेल तो हसला नसणार. इंग्रज कवी ऑडन हा त्यांचा तरुणपणीचा आदर्श, आरंभीच्या कवितांवर त्याची गडद छाया आहे, पण १९४० नंतरच्या ऑडनवर त्यांनी जे लिहिले ते प्रेमभंग झालेल्या माणसाचे लिखाण आहे. विल्यम्स यांच्या 'पॅटर्सन' या दीर्घकाव्याच्या पहिल्या भागाचे त्यांनी तोंड भरून स्वागत केले आणि पुढचे भाग आले तेव्हा तितक्याच मोकळेपणाने निराशाही नोंदवली. मित्र म्हणून सूट नाही. लोवेल यांच्या 'लॉर्ड वीअरीज कासल' या कवितासंग्रहाचे हस्तलिखित मात्र त्यांनी ओळ न् ओळ तपासून दिले होते, आणि पुस्तक आल्यावर त्यावर लिहिलेही.

'द एज ऑफ क्रिटिसिझम' या १९५२ च्या लेखात तर ते स्वतःच्याच जमातीवर तुटून पडतात. लोक आता कविता-कादंबऱ्या वाचत नाहीत, त्यांच्यावरची समीक्षा वाचतात, ही त्यांची तक्रार. 'मनाला येईल ते वाचा' असा सल्ला ते देत असत. आपल्याकडे मर्ढेकर हेही कवी आणि समीक्षक दोन्ही होते, परंतु त्यांना सौंदर्यशास्त्राची पक्की चौकट उभारायची होती. जरेल यांच्यापाशी चौकट नावाची वस्तूच नव्हती, होता तो फक्त कान. माझे म्हणणे एवढेच की, हाच कान त्यांच्या कवितेतही काम करतो आहे.

कोरा कागद

दोघांचेही आभार. उच्चाराची दुरुस्ती मान्य आहे, आता शीर्षक बदलता येत नाही एवढेच. 'कान' हा मुद्दा पटला, पण मला तो कवितेत दाखवून हवा आहे. कवी वॉलेस स्टीव्हन्सवरील लेखात जरेल यांनीच एक माप दिले आहे: चांगला कवी म्हणजे जो आयुष्यभर वादळात उघड्यावर उभा राहतो आणि ज्याच्यावर पाच-सहा वेळा वीज पडते; डझन-दोन डझन वेळा पडली तर तो थोर. हेच माप त्यांना लावले तर किती विजा मोजाव्यात?

तिसरा कंदील

मी मोजून दाखवतो, पण डझनाचा आग्रह धरणार नाही.

पहिली वीज सर्वांना ठाऊक असलेली, 'द डेथ ऑफ द बॉल टरेट गनर'. कविता फक्त पाच ओळींची, १९४५ ची. ती समजण्यासाठी आधी ती वस्तू समजून घ्यावी लागते आणि जरेल यांनी स्वतःच टीप लिहून ती समजावली आहे. बी-१७ आणि बी-२४ या बाँबफेकी विमानांच्या पोटाखाली पारदर्शक प्लेक्सिग्लासचा एक गोल बसवलेला असे. त्यात दोन मशीनगन आणि एक ठेंगणा माणूस. खालून हल्ला करणाऱ्या विमानावर नेम धरताना गोलाबरोबर तो माणूसही फिरे. गुडघे पोटाशी घेऊन, उलटा लटकलेला तो गर्भातल्या मुलासारखा दिसे. कविता याच साम्यावर उभी आहे. आईच्या झोपेतून तो थेट राज्यसंस्थेच्या पोटात पडतो, त्याच्या जाकिटाची ओली लोकर गोठते, जमिनीपासून सहा मैल उंचीवर तो जागा होतो, आणि शेवटच्या ओळीत, तो मेल्यावर, त्याला नळीने त्या गोलातून धुऊन काढतात. टिपेत जरेल आणखी एक तपशील देतात: ती नळी वाफेची होती. बोलतो आहे तो मेलेला माणूसच, आणि त्याच्या आवाजात तक्रार नाही. तुम्ही ज्याला रडवेपणा म्हणता तो येथे शोधून दाखवावा. वाईट एवढेच झाले की ही कविता इतक्या संकलनांत छापली गेली की बाकीच्या तिच्यामागे झाकल्या गेल्या, आणि आपल्याला लोक या पाच ओळींपुरतेच ओळखतील अशी धास्ती कोणत्याही कवीला वाटावी, अशी स्थिती झाली.

दुसरी 'नाइन्टी नॉर्थ'. लहानपणी पांघरुणात शिरून उत्तर ध्रुव गाठणारा मुलगा मोठा होऊन खरोखर ध्रुवावर उभा आहे, आणि तेथून कोठेही वळला तरी दिशा दक्षिणच. शेवटी तो म्हणतो की अंधारातून वेदना येते, तिला आपण शहाणपण म्हणतो, पण ती वेदनाच असते.

तिसरी 'द वुमन अॅट द वॉशिंग्टन झू', आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. ही कविता त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या दिवसांत लिहिली आणि ती कशी घडत गेली यावर एक निबंधही लिहिला. बोलणारी बाई सरकारी नोकर आहे. वय उतरणीला लागलेले, अंगात कार्यालयात चालेल असा निस्तेज गडद निळा पोशाख, जो कोणाच्याही नजरेत भरत नाही. ती प्राणिसंग्रहालयात आली आहे आणि कवितेच्या पहिल्याच ओळीत तिच्या शेजारून वकिलातींमधल्या साड्या जातात. पहिल्यांदा वाचताना तो शब्द पाहून मी दचकलो होतो. आपल्या घरातले रोजचे वस्त्र तेथे चंद्रावरून, दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून आलेले कापड होते. तिला साडीचे नाव ठाऊक आहे, पण त्या रंगांत आपण कधी असू शकतो हे तिच्या कल्पनेपलीकडचे आहे. पिंजऱ्यातल्या जनावरांना आपण पिंजऱ्यात आहोत हे कळत नाही, तिला ते कळते. अखेरीस ती गिधाडाला विनवते की, मी काय होते ते तू जाणतोस, काय आहे ते तुला दिसते आहे, मला बदल, बदलून टाक.

समासातली टीप यांचा 'कान' मला येथे ऐकू येतो. फ्रॉस्टच्या कवितेतली जिन्यावरची बाई ज्याने इतकी लक्ष देऊन ऐकली, त्यानेच ही बाई लिहिली आहे. त्यांच्या उत्तम कवितांत बोलणारे अनेकदा ते स्वतः नसतातच. सैनिक, मुले, आजारी माणसे, एकट्या बायका बोलतात. त्यांचे बोलणे अडखळते, वाक्ये अर्ध्यावर वळतात, तेच शब्द पुन्हा येतात. त्याला सैलपणा म्हणावे की बोलीची हुबेहूब नक्कल म्हणावे, हा खरा वादाचा मुद्दा. मी मान्य करतो की काही कवितांत ही पद्धत फसते आणि 'ओह' व उद्गारचिन्हे फार होतात. तेवढे तुमचे बरोबर आहे.

वाट चुकलेला

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. त्यांच्या मृत्यूविषयी उलटसुलट वाचायला मिळते. कविता वाचताना ते ध्यानात घ्यावे का?

दीपमाळ

जेवढे निश्चित आहे तेवढे लिहितो. १९६४-६५ मध्ये ते तीव्र मानसिक आजारातून जात होते. १९६५ च्या वसंतात 'द लॉस्ट वर्ल्ड' या संग्रहाविषयी न्यूयॉर्क टाइम्समध्ये अत्यंत बोचरे परीक्षण छापून आले. ज्याने आयुष्यभर इतरांची परीक्षणे लिहिली त्याला ते किती लागले असेल याची कल्पना करता येते, परंतु आजार त्याआधीपासूनचा होता, म्हणून सारे खापर परीक्षणावर फोडणे चूक ठरेल. त्याच सुमारास त्यांनी मनगट कापून घेतले आणि त्यातून वाचले. ऑक्टोबरमध्ये हाताच्या उपचारांसाठी ते चॅपल हिल येथे गेले होते. १४ ऑक्टोबर १९६५ रोजी सायंकाळी महामार्गाच्या कडेने चालत असताना मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. वय ५१. अधिकृत निर्णय अपघात असा झाला आणि पत्नीचेही मत तेच राहिले, काही मित्रांना मात्र वेगळे वाटले. कवितांमधून त्याचे पुरावे शोधत बसू नये असे माझे मत आहे. पुढच्या फेब्रुवारीत येल येथे त्यांची स्मरणसभा झाली आणि १९६७ मध्ये लोवेल, टेलर व वॉरन या तिघांनी संपादित केलेला स्मृतिग्रंथ निघाला. पूर्वीचे शिक्षक आणि केन्यनचे दोन्ही मित्र असे ते तिघे.

समासातली टीप

'द लॉस्ट वर्ल्ड'चा विषय निघालाच आहे तर याच संग्रहातील 'नेक्स्ट डे' ही कविता तुमच्या यादीत चौथी म्हणून धरावी. बाई सुपरमार्केटमध्ये आहे आणि साबणांच्या खोक्यांमधून फिरते आहे: चिअर, जॉय, ऑल. तिन्ही खऱ्याखुऱ्या साबणांची नावे, आणि तिन्हींचे अर्थ उत्साह, आनंद, सर्वस्व. विनोद आहे, पण ती बाई हसत नाही. वाणसामान मोटारीत ठेवणारा पोरगा तिच्याकडे पाहतही नाही, याचे तिला नवल वाटते, आणि आदल्या दिवशी ती मैत्रिणीच्या अंत्यविधीला जाऊन आली आहे हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळते. शीर्षकाचा अर्थ तेव्हा लागतो.

कोरा कागद

काल रात्री 'नेक्स्ट डे' दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात, तेव्हा ती मला पूर्वीइतकीच पाल्हाळिक वाटली. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली, आणि पोरगा सामान ठेवतो त्या कडव्याशी आवाज आपोआप खाली आला. तेथे वाक्य कडवे ओलांडून पुढे जाते आणि श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. मनात वाचताना हे कळलेच नव्हते. गनरची कविता आधीपासून आवडत होतीच. 'नाइन्टी नॉर्थ' अजून वाचायची आहे आणि साड्यांची कविता आज रात्री. सध्या माझ्या वहीत दोन विजांची नोंद आहे.